पदवीला प्रवेश घेण्याआधी: नोकरीसाठी तिचा उपयोग किती, हे कसं तपासाल

बारावीचा निकाल लागला की बहुतेक घरांत आधी कोर्स ठरतो, मग कॉलेज, आणि नोकरीचा विचार थेट शेवटच्या वर्षी सुरू होतो. हा क्रम उलटा केला तर तीन-चार वर्षं आणि काही लाख रुपये वाचू शकतात. त्यासाठी एक वही, दोन-तीन आठवड्यांचा वेळ आणि कॉलेजांच्या काही फेऱ्या एवढंच लागतं.

आधी एक आकडा नीट समजून घ्या, कारण तो अर्धवट सांगितला जातो. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमधली बेरोजगारी ४२ टक्क्यांहून जास्त दिसते. त्याच अहवालात पस्तिशीच्या पुढच्या पदवीधरांमध्ये ती ५ टक्क्यांच्या खाली आहे. म्हणजे बहुतेकांना काम मिळतं, पण उशिरा मिळतं, आणि पुष्कळदा शिकलेल्या विषयाशी त्या कामाचा संबंध नसतो. ज्या घराला हा उशीर परवडतो तिथे पदवीचा हिशेब वेगळा असतो. जिथे महिन्याचा पगार लगेच हवा तिथे तो वेगळा मांडावा लागतो.

पहिलं काम: वीस-तीस जाहिराती

वहीत तीन अशी कामं लिहा जी मुलाला किंवा मुलीला खरोखर करायची आहेत आणि जी तुमच्या जिल्ह्यात, किंवा जिथे जाऊन राहण्याची तयारी आहे अशा शहरात मिळतात. 'आयटीत' किंवा 'सरकारी' एवढं लिहून भागणार नाही. 'जिल्हा परिषदेत कनिष्ठ अभियंता', 'चाकणच्या कारखान्यात मेंटेनन्स', 'सीएच्या ऑफिसात अकाउंटंट' इतकं नेमकं हवं.

मग प्रत्येक कामाच्या आठ-दहा जाहिराती जमवा. सरकारी पदांसाठी एमपीएससी, जिल्हा परिषद, रेल्वे आणि एसएससीच्या (केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) जुन्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर असतात. खासगी कामांसाठी नोकरीची पोर्टलं बघा आणि एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या गेटवरचे फलकही वाचा. प्रत्येक जाहिरातीतल्या पाच गोष्टी उतरवा: किमान शैक्षणिक अर्हता, टक्केवारीची अट, वयाची अट, जास्तीचं प्रमाणपत्र आणि अनुभव. 'आवश्यक' आणि 'प्राधान्य' यांचे रकाने वेगळे ठेवा. पदवी पुष्कळदा 'प्राधान्य'खाली असते आणि घाईत वाचणारा ती सक्तीची समजतो. सरकारी जाहिरातींत आयटीआयच्या ट्रेडची मराठी नावं येतात, जसं वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), जोडारी (फिटर), संधाता (वेल्डर), कातारी (टर्नर). ती ओळखता आली नाहीत तर आपल्यासाठीचीच जाहिरात नजरेतून सुटते.

यादीतून काय दिसेल

काही कामांत पदवीला पर्याय नाही, कारण ती अट कायद्याची आहे. डॉक्टर, वकील, माध्यमिक शिक्षक ही उघड उदाहरणं. पण याच क्षेत्रांत कमी वर्षांच्या वाटाही आहेत. मेडिकल दुकानाच्या परवान्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांचा डी. फार्म पुरतो, बी. फार्म लागत नाही. पहिली ते पाचवी शिकवायला बारावीनंतरचा डी.एल.एड. (शिक्षणशास्त्र पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) चालते. सीए व्हायला तर पदवीच लागत नाही. बारावीनंतर फाउंडेशन ही पहिली परीक्षा देऊन पुढे जाता येतं, आणि २०२३ च्या नव्या रचनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन वर्षांची झाली आहे.

सरकारी पदांचं विभाजन तर फार स्पष्ट आहे. राज्यसेवा, पोलीस उपनिरीक्षक, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), एमपीएससीचा लिपिक-टंकलेखक, बँकेचा पीओ (परिविक्षाधीन अधिकारी) आणि बँकेचा क्लार्क या सगळ्यांना पदवी हवी, आणि ती कोणत्याही शाखेची चालते. लिपिक-टंकलेखकाला शिवाय टायपिंगचं शासकीय प्रमाणपत्र लागतं: मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. पोलीस शिपाई, वनरक्षक आणि एसएससीची सीएचएसएल (बारावी पातळीवरची भरती परीक्षा) यांना बारावी पुरते. ग्रामीण डाक सेवकाची निवड दहावीच्या गुणांवर होते. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला दहावी आणि आयटीआय किंवा डिप्लोमा, तर बांधकाम विभागातल्या किंवा जिल्हा परिषदेतल्या स्थापत्य कनिष्ठ अभियंत्याला डिप्लोमा. महावितरणच्या विद्युत सहायकाला वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडचं आयटीआय लागतं. तिथे बी.ए. चा काहीही उपयोग नाही.

मात्र अर्हता असणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. 'कोणतीही पदवी' ही अट जितकी सैल तितकी गर्दी मोठी. आयटीआय, डिप्लोमा किंवा परवान्याची अट असलेल्या पदांना अर्ज करणारेच कमी असतात. मुलाला हाताने काम करायची आवड असेल तर ही गोष्ट त्याच्या बाजूची आहे, आणि घरच्यांनी ती गांभीर्याने घ्यायला हवी.

खासगी नोकऱ्यांत पदवी बहुतेक वेळा गाळणीसारखी वापरली जाते. अर्ज हजार येतात, म्हणून कंपनी सरसकट अट घालते: दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत ६० टक्के, आणि बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, शिल्लक नको. दहावीला ५७ टक्के असतील तर उत्तम इंजिनीअरिंग करूनही अशा ठिकाणी नाव पहिल्याच फेरीत गळतं. प्रवेशाआधी हे माहीत असेल तर कॅम्पसवर विसंबून न राहता प्रकल्प, इंटर्नशिप आणि लहान कंपन्यांच्या दिशेने पहिल्या वर्षापासून तयारी करता येते. बारावीनंतर थेट घेणाऱ्या आयटी कंपन्याही आहेत. एचसीएलचा टेकबी हा कार्यक्रम गणित घेऊन बारावी झालेल्यांना प्रशिक्षण देऊन कामावर घेतो आणि नोकरी करताकरता पदवीची सोय करतो. विप्रो बी.एस्सी. आणि बी.सी.ए. झालेल्यांना घेऊन नोकरीसोबत एम.टेक. करू देते. यांच्या अटी आणि करार दरवर्षी नव्याने वाचावेत, विशेषतः मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागते ते कलम.

दहावीनंतरची जिना-पद्धत

इंजिनीअर व्हायचं पण खर्चाची आणि निकालाची धास्ती आहे, अशांसाठी दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षात इंजिनीअरिंग ही वाट चांगली. एकूण वर्षं सहाच होतात, अकरावी-बारावी आणि चार वर्षं धरून होतात तेवढीच. या प्रवेशाला सीईटी नसते, डिप्लोमाचे गुण धरतात. मुख्य फायदा असा की मध्ये थांबायची वेळ आली तर हातात एमएसबीटीईचा (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) डिप्लोमा असतो, ज्यावर नोकरी मिळते. बारावी सायन्सवर मध्येच थांबलेल्या मुलाकडे तसं काही नसतं. दोन वर्षांचं आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं.

ही वाट अडते ती गणितावर. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांचे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचे दोन गणिताचे पेपर चुकलेले असतात आणि समोर एकदम एम-३, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, येतो. डिप्लोमाचा निकाल लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचा काळ इंटिग्रेशन, डिफरेन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्सला दिला तर हा धक्का बराच हलका होतो.

खर्चाची मांडणी

फी म्हणजे खर्च नव्हे. समजा खासगी विनाअनुदानित कॉलेजात वर्षाला १ लाख फी आहे. खोली आणि मेस महिना ८ हजार, दहा महिन्यांचे ८० हजार. परीक्षा, पुस्तकं, प्रवास २० हजार. वर्षाचे झाले २ लाख, चार वर्षांचे ८ लाख. याच चार वर्षांत डिप्लोमावर काम धरलं असतं आणि खाऊन-पिऊन महिन्याला ६ हजार शिल्लक पडले असते, तर ते २ लाख ८८ हजार. एकूण किंमत १० लाख ८८ हजार.

आता पगारातला फरक बघा. पदवीनंतर २५ हजार मिळतील आणि डिप्लोमावाला तोवर २० हजारांवर पोचला असेल, तर वर्षाचा फरक ६० हजार. १० लाख ८८ हजार वसूल व्हायला अठरा वर्षं लागतील. हाच फरक महिन्याला १५ हजारांचा असेल तर सहा वर्षांत वसूल होतो. पुढची पगारवाढ, बढती, कर यात धरलेली नाही, तरी दोन कोर्सची तुलना करायला एवढं पुरतं. आपले आकडे घालून हे गणित घरात सगळ्यांसमोर करावं.

कर्ज काढणार असाल तर आणखी एक ओळ जोडा. दरवर्षी सव्वा लाख असे चार वर्षांत ५ लाख घेतले, व्याज १० टक्के सरळ, आणि कोर्सनंतर एक वर्षाने हप्ते सुरू झाले, तर तोवर १ लाख ७५ हजार व्याज साचलेलं असतं. मग परतफेड ६ लाख ७५ हजारांवर. सात वर्षांसाठी हप्ता साधारण ११,२०० रुपये. शिकत असताना व्याज भरत राहिलात तर हप्ता ८,३०० च्या आसपास राहतो. पहिला पगार १८ हजार धरून हे आकडे समोर ठेवा आणि मगच सही करा.

आमचं स्पष्ट मत: सामान्य घरासाठी सगळ्यात तोट्याचा सौदा म्हणजे महागडी पण साधी पदवी. त्याच कॉलेजात, त्याच इमारतीत अनुदानित तुकडीचं बी.कॉम. किंवा बी.एस्सी. काही हजारांत होतं, आणि शेजारच्या वर्गात आकर्षक नावाच्या विनाअनुदानित कोर्सला त्याच्या कित्येक पट फी असते. जाहिरातीत अट 'कोणतीही पदवी' असेल तर दोघांची किंमत सारखीच. गावाजवळ राहून, अनुदानित तुकडीत, फी-प्रवास मिळून वर्षाला १५ हजार धरले तर तीन वर्षांची पदवी ४५ हजारांत पडते. उरलेला पैसा आणि वेळ टॅली-जीएसटी, टायपिंग, चांगलं इंग्रजी किंवा एखादं तांत्रिक प्रमाणपत्र यांत घातला तर हातात दोन गोष्टी येतात.

सवलती कॅपमधून (शासनाची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) झालेल्या प्रवेशालाच मिळतात, हे विसरू नका. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीची मर्यादाही ८ लाखच. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर करायचा, आणि आधारला जोडलेलं बँक खातं चालू नसेल तर मंजूर रक्कमही अडकते. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की हे सगळं हातचं जातं. जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर यांची कागदपत्रं अकरावीतच सुरू करा. वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्याने आरक्षित जागा गेली, असं दरवर्षी घडतं.

कॉलेज तपासताना

विद्यापीठ खरं आहे का, हे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) यादीत बघा. पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ठरावीक संस्थांनाच आहे, आणि बनावट विद्यापीठांची यादी यूजीसी प्रसिद्ध करते. इंजिनीअरिंग, एमबीए आणि २०२४-२५ पासून बीबीए-बीसीए यांना एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) मान्यता हवी. खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. खिडकीवर सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा.

प्लेसमेंटच्या माहितीपत्रकावर सगळ्यात मोठ्या अक्षरात सर्वांत जास्त पॅकेज छापलेलं असतं. तो एका मुलाचा पगार असतो. तुम्हाला चार आकडे हवेत, आणि तेही तुमच्याच शाखेचे: शेवटच्या वर्षाला किती मुलं होती, किती जण प्रक्रियेला बसले, किती जणांना ऑफर मिळाली, प्रत्यक्षात किती रुजू झाले. एका मुलाच्या तीन ऑफर तीन म्हणून मोजल्या जातात, म्हणून शेवटचा आकडा सोडू नका. मग मधला पगार विचारा: सगळे पगार ओळीने लावले तर मधोमध येणारा. सीटीसी (कंपनीला वर्षाला पडणारा तुमचा एकूण खर्च) आणि हातात पडणारा पगार यांत फरक असतो. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर मिळणारी रक्कमही धरलेली असते. कॉलेज हे आकडे लेखी द्यायला तयार नसेल तर गेल्या वर्षी पास झालेल्या पाच-सहा जणांशी स्वतः बोला. संध्याकाळी गेटबाहेर शेवटच्या वर्षाची मुलं भेटतात, तीच पास होऊन गेलेल्यांचे नंबर देतात.

मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला कॉलेजला 'ठेवून' देऊ नका. पडताळणी करून परत देणं हा यूजीसीचा नियम आहे, आणि कागद अडकले की चांगली जागा मिळूनही दुसरीकडे जाता येत नाही.

पदवी चालू असताना

नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षाने प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं. पण भरतीच्या जाहिरातीत 'पदवी' लिहिलेलं असेल तर ही प्रमाणपत्रं तिथे चालत नाहीत. तीन वर्षं पूर्ण केलीत की पदवी मिळते. चौथं वर्ष संशोधनाकडे किंवा एक वर्षाच्या पदव्युत्तर कोर्सकडे जाणाऱ्यांनीच करावं, केवळ नोकरीसाठी त्याची गरज नाही.

पहिल्या वर्षात टायपिंग आणि एमएस-सीआयटी उरकून टाका, कारण शेवटच्या वर्षी परीक्षा आणि जाहिराती एकाच वेळी येतात. दुसऱ्या वर्षात अभ्यासक्रमात असलेलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण कुठल्यातरी ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून भागवू नका. खरी जागा मिळवायची तर तीन महिने आधी अर्ज पाठवायला लागा. सीएचं ऑफिस, पतसंस्था, प्रयोगशाळा, स्थानिक वृत्तपत्र, साखर कारखान्याचा लेखा विभाग अशी ठिकाणं विद्यार्थ्यांना घेतात. मुलाखतीत याच कामावर प्रश्न येतात.

बॅकलॉग साठवू नका. एक विषय राहिला तरी पदवीच्या प्रमाणपत्राची तारीख पुढे जाते, आणि भरतीत अर्हता अमुक तारखेपर्यंत पूर्ण हवी अशी अट असते. निकाल त्यानंतर दोन दिवसांनी लागला तरी अर्ज बाद होतो.

पदवी आहे, काम नाही

इथे सगळ्यात सोपं वाटणारं पाऊल म्हणजे एम.ए. किंवा एम.कॉम.ला नाव घालून ठेवणं. ज्याला प्राध्यापक व्हायचंय किंवा त्या विषयात काम करायचंय त्याने ते जरूर करावं. नाहीतर दोन वर्षं जातात आणि वय वाढतं. त्यापेक्षा ॲप्रेंटिसशिप घ्या. पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांसाठी एनएटीएस हे केंद्र सरकारचं पोर्टल आहे, आणि पश्चिम विभागाचं काम मुंबईच्या शीव इथल्या ॲप्रेंटिसशिप मंडळातून चालतं. साधारण एक वर्षाचं काम, दरमहा विद्यावेतन आणि शेवटी केंद्र सरकारचं प्रमाणपत्र. ही संधी एकदाच मिळते, म्हणून पहिली दिसेल ती न घेता आपल्या विषयाशी जुळणारी निवडा. आयटीआयवाल्यांची नोंदणी वेगळ्या पोर्टलवर होते. रेल्वेत ॲप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पगारश्रेणीच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत.

स्पर्धा परीक्षा करायची असेल तर प्रयत्नांची संख्या आधीच कागदावर लिहा आणि घरी सांगा. खुल्या प्रवर्गाला राज्यसेवेत ३८ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. ही सवलत तिशीतही 'अजून वेळ आहे' असं वाटायला लावते, आणि तोवर खासगी कंपन्यांच्या फ्रेशर भरतीचं दार बंद झालेलं असतं. दोन पूर्ण फेऱ्यांत पूर्वपरीक्षाही निघाली नाही, तर तयारी नोकरीसोबत करा. पुण्यात खोली, मेस आणि अभ्यासिका यांवर जाणारे महिन्याचे पैसे हा घरचा खर्च आहे, तोही वर दिलेल्या गणितात धरायचा.

काम आहे, पदवी नाही

नोकरी सोडून पदवी करायची गरज फार थोड्या जणांना असते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, आणि इग्नूची केंद्रंही बहुतेक जिल्ह्यांत आहेत. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची बी.ए., बी.कॉम. पदवी सरकारी नोकरीसाठी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. प्रवेशाआधी तो विशिष्ट कोर्स त्या वर्षासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण यादीत आहे का, एवढं पाहा. विद्यापीठ मान्य असूनही एखादा कोर्स मान्य नसू शकतो. इंजिनीअरिंगची पदवी दूरशिक्षणाने कोणी देत असेल तर पैसे भरू नका. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा तांत्रिक पदव्यांना नकार दिलेला आहे.

आयटीआय झालेला, कारखान्यात कायम असलेला माणूस मुक्त विद्यापीठातून पदवी घेतो तेव्हा ऑफिसकडे सरकण्याची आणि पदवीच्या अटीच्या परीक्षा देण्याची वाट उघडते. त्याआधी कंपनीच्या एचआरकडून लेखी विचारून घ्या की बढतीसाठी ही पदवी धरली जाते का, की डिप्लोमाच लागतो. बऱ्याच कारखान्यांत सुपरवायझरच्या जागेला संबंधित शाखेचा डिप्लोमा मागतात, आणि तिथे बी.ए. पुढे करून उपयोग होत नाही. शिफ्टची नोकरी असेल तर परीक्षेच्या तारखा लागताच रजेचा अर्ज द्या, आणि प्रवेशाची पावती, हॉल तिकीट आणि प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका एका फायलीत ठेवून डिजिलॉकरमध्येही चढवा. कागदपत्रांच्या पडताळणीत तीनही वर्षांच्या गुणपत्रिका मागतात. तेव्हा एखादी हरवलेली निघाली, तर दुय्यम प्रत विद्यापीठाकडून हातात येईपर्यंत पडताळणीची तारीख उलटून गेलेली असते.